‘टीटीएमएम’चा उन्हाळा

कॉलेजच्या दिवसांतला सगळ्यात अवघड प्रश्न कुठला? अकाउंट्सचा? स्टॅटिस्टिक्सचा? छे! तो प्रश्न शनिवारी दुपारी चारच्या सुमारास यायचा आणि जेमतेम तीन शब्दांचा असायचा... ‘संध्याकाळी येतेयस ना?’

आता यात अवघड ते काय? ‘हो’ म्हणायचं, केस विंचरायचे आणि निघायचं. पण वीस तारखेनंतर पर्सच्या कप्प्यात उरलेल्या नोटा ज्यांनी रस्त्यात उभं राहून, कोणाला दिसणार नाही अशा बेतानं मोजल्यात, त्यांना विचारा. त्या एका ‘हो’च्या आधी डोक्यात अख्खं बजेट सादर होतं. जायचं कुठे? बसनं की कोणाच्या गाडीवर? पिक्चर की नुसतीच कॉफी? आणि हे सगळं दोन सेकंदांत, कारण समोरचा उत्तराची वाट बघत असतो.

मी कराडची. कॉमर्स करायला पुण्यात आले आणि सदाशिव पेठेत एका काकूंकडे कॉट बेसिसवर राहायला लागले. एका खोलीत तीन कॉट, तीन कपाटं, एक आरसा. रात्री नऊच्या आत घरात, आंघोळीला एकच बादली गरम पाणी आणि फोन आला तर तीन मिनिटांच्या आत ठेवायचा... असे काकूंचे कायदे. त्यांच्याविषयी तक्रार नाही बरं का. आजारी पडले की मऊ भात त्याच करून द्यायच्या.

सकाळी साडेसातचं लेक्चर, अकराला सुटका, मग कॅन्टीन, मग मेस, मग दुपारची झोप की लायब्ररी यावर स्वतःशीच वाद आणि संध्याकाळी कट्टा. मेसचं कार्ड महिन्याचं, रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद! पुण्यात बाहेरगावाहून येऊन शिकलेल्या कुठल्याही माणसाला ‘रविवार संध्याकाळ’ म्हणून बघा. त्याच्या पोटात आजही खड्डा पडेल.

सातानं भागा

आमचा ग्रुप सात जणांचा. चार मुली, तीन मुलगे. त्यात दोघं पक्के कोथरूडचे, एक कॅम्पातला आणि बाकी आम्ही चौघं बाहेरगावचे. २००४-०५ हे वर्ष. सगळ्यांकडे मोबाइल नव्हता. ज्यांच्याकडे होता ते मिस्ड कॉलवर जगायचे. एक मिस्ड कॉल म्हणजे ‘खाली ये’, दोन म्हणजे ‘उशीर होतोय’ आणि तीन म्हणजे ‘प्लॅन बोंबलला’. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबानं बसून ऑर्कुटवर एकमेकांना स्क्रॅप टाकायचे, तेही शेजारच्या खुर्चीवरून! हे ऑर्कुट २०१४ मध्ये बंद पडलं, तेव्हा आमच्यातल्या प्रत्येकाला थोडंसं का होईना, वाईट वाटलं.

फिरायला जागांची कमी नव्हती. एफसी रोडवर ‘वैशाली’च्या दारात ताटकळायचं, नंबर लागला की एसपीडीपी. गुडलक चौकात १९३५ पासून उभ्या असलेल्या ‘गुडलक’मध्ये बनमस्का आणि चहा. कुणाचा वाढदिवस असला की ई-स्क्वेअर. रविवारी पहाटे सिंहगड, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. आणि काहीच जमलं नाही तर झेड ब्रिज. दुचाकी कठड्याला लावायची, खाली मुठेतलं उरलंसुरलं पाणी, वर वारा. बजेट शून्य.

आमचा नियम होता टीटीएमएम... तुझं तू, माझं मी. ऐकायला किती छान! कोणाचे उपकार नकोत, कोणावर ओझं नको. पण प्रत्यक्षात काय व्हायचं? बिल आलं की कोणीतरी पटकन म्हणायचं, ‘चला, सातानं भागा!’ मी खाल्लेली असायची एक प्लेट इडली. पलीकडे दोघांनी एसपीडीपी, डोसा आणि वर कोल्ड कॉफी हाणलेली. भागाकार मात्र सगळ्यांना सारखाच. ‘अरे, माझी फक्त इडली होती’ हे वाक्य मी मनातल्या मनात शंभर वेळा म्हटलं असेल. ते ओठांवर येत नाही हो. एकोणिसाव्या वर्षी माणूस उपाशी राहू शकतो, पण कंजूष दिसू शकत नाही.

मग काय, थापा! ‘डोकं दुखतंय.’ ‘काकू सोडत नाहीत.’ ‘मावशी येणारेय.’ माझी एक मावशी त्या वर्षात इतक्या वेळा पुण्याला आली की खरी मावशी आली असती तर एसटीनं तिला पास दिला असता. मुलं काही वाईट नव्हती. एकदा-दोनदा कोणीतरी माझे पैसे भरलेही. पण ‘राहू दे गं, दे नंतर’ या पाच शब्दांनंतर पुढचा आठवडा जड जातो. नंतर बोलावणंच कमी होतं. रागानं नाही, सवयीनं. ‘ती नाही येणार रे, तिची मावशी असेल’ असं म्हणून गाड्या सुटायला लागतात. मैत्री तुटते तेव्हा आवाज होतो असं नाही. कधीकधी ती पेट्रोलच्या आणि कॉफीच्या हिशेबात नुसती पातळ होत जाते. मला तेच नको होतं.

बाबा साखर कारखान्यात क्लार्क. पैसे दर महिन्याला वेळेवर यायचे, मोजून यायचे. त्यात खोली, मेस, पुस्तकं, जाणं-येणं बसायचं. एसपीडीपी बसत नव्हती. ती त्यांच्याकडे मागायचीही नव्हती. म्हणून एसवायची परीक्षा संपत आली तेव्हा ठरवलं, या सुट्टीत कराडला लगेच जायचं नाही. नोकरी बघायची!

स्मार्ट, होतकरू पाहिजेत

नोकरी शोधायची म्हणजे पहिलं काम रविवारचा पेपर. काकूंचं वाचून होईपर्यंत थांबायचं, मग छोट्या जाहिरातींचं पान उलगडून लाल पेननं गोल करायचे. ‘स्मार्ट, होतकरू मुली पाहिजेत. अनुभवाची अट नाही.’ अनुभवाची अट नाही म्हटलं की आम्ही खूश. दुसरं काम बायोडाटा. अप्पा बळवंत चौकात एका डीटीपीवाल्यानं तो टाइप करून दिला. माझ्या आयुष्याला अर्धं पान पुरलं. उरलेलं भरायला त्यानंच ‘हॉबीज’मध्ये वाचन, संगीत आणि प्रवास असं लिहून टाकलं. माझा प्रवास म्हणजे कराड-स्वारगेट!

पहिला गोल एका प्लेसमेंटवाल्याचा. पायऱ्यांवर रांग, आत एक टेबल, टेबलामागे एक मॅडम. नाव, शिक्षण वगैरे झाल्यावर म्हणाल्या, ‘रजिस्ट्रेशनचे तीनशे रुपये भरा.’ नोकरी मिळवण्यासाठी आधी तीनशे! मी म्हटलं, ‘पहिल्या पगारातून कापून घ्या.’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यांच्याकडे उसने मागितलेत. मी बायोडाटाची प्रत परत मागून घेतली. झेरॉक्सला पैसे पडतात.

दुसरा गोल ‘मार्केटिंग’चा. टाय लावलेल्या साहेबांनी अर्धा तास स्वप्नांवर भाषण दिलं. मग हातात पिशवी आली. पिशवीत भांडी घासायची पावडर. एप्रिलच्या उन्हात सोसायट्यांचे जिने चढायचे, विकलं तर कमिशन, नाही तर पाय मजबूत. पगार किती, असं विचारल्यावर साहेब म्हणाले, ‘स्काय इज द लिमिट.’ माझी लिमिट पहिल्या मजल्यावरच संपली.

तिसरा मात्र खरा, कॉल सेंटरचा! त्या वर्षी पुण्यात कॉल सेंटर म्हणजे काय वट होती. न्यायला-आणायला गाडी, एसी ऑफिस आणि पगाराचे आकडे ऐकून बाबांनाही घेरी आली असती. लेखी परीक्षा झाली, गणित झालं, मग एका मुलीनं इंग्रजी उतारा वाचायला दिला. मराठी माध्यमातलं माझं इंग्रजी व्याकरणात पक्कं, पण ‘व’ आणि ‘डब्ल्यू’ माझ्या तोंडात सख्खे भाऊ. ती गोड हसून म्हणाली, ‘तुझा एमटीआय जास्त आहे.’ एमटीआय म्हणजे मदर टंग इन्फ्लुएन्स, मातृभाषेचा प्रभाव. बाहेर आल्यावर विचार केला, की माझ्यावर माझ्या आईच्या भाषेचा प्रभाव नाही पडणार तर कोणाचा पडणार? तसंही, रात्रपाळी म्हटल्यावर काकूंनी कॉटच बाहेर काढली असती.

असे बारा दिवस गेले. बसभाड्यात आणि झेरॉक्समध्ये जे काही होतं-नव्हतं ते संपत आलं. आणि एक दिवस मेसवरून परत येताना एका वाड्याच्या दारात खडूनं लिहिलेली पाटी दिसली... ‘आंब्याच्या सीझनपुरती मदतनीस हवी. हिशेब येणारी. चौकशी १ ते ४ करू नये.’

पेंढा आणि हिशेब

कोकणातले एक काका दर वर्षी दोन महिने तो गाळा भाड्यानं घ्यायचे. घरची बाग, घरचे आंबे. त्यांनी बायोडाटा बघितलाच नाही. विचारलं, ‘साडेतीन डझन, दोनशे चाळीसनं, किती?’ मी म्हटलं, ‘आठशे चाळीस.’ ‘उद्या ये.’ माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा इंटरव्ह्यू आणि अजूनपर्यंतचा सगळ्यात सरळ.

पगार दोन हजार. वेळ दहा ते एक आणि चार ते साडेआठ. सोमवारी सुट्टी. डागी आंबे घरी न्यायला परवानगी. या शेवटच्या कलमामुळे खोलीतल्या दोघींनी मला देवीचा दर्जा दिला.

तोवर मला आंबा फक्त खाता येत होता. काकांनी तो बघायला शिकवला. हापूस झाडावर पिकवत नाहीत. तयार झाला की देठासकट उतरवतात आणि भाताच्या पेंढ्यात अढी घालून पिकवतात. अढी रोज उलगडायची, तयार फळं वर काढायची, बाकीची परत झाकायची. फळ अंगठ्यानं दाबायचं नाही, देठापाशी वास घ्यायचा. साल जराशी सुरकुतली की आंबा खरा गोड, पण गिऱ्हाईक नेमका तोच बाजूला सारतं आणि तकतकीत, आतून आंबट असलेला उचलतं. कधीकधी बाहेरून देखणा आंबा कापला की आत पांढरट, रबरासारखा भाग निघतो. त्याला म्हणतात साका. तो बाहेरून ओळखू येत नाही. काका अशा आंब्याचा बदली आंबा देत, वाद न घालता. ‘देवगड’ म्हणून लोक कर्नाटकातला हापूस सर्रास विकायचे तेव्हाही. कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते थेट २०१८ मध्ये.

आणि गिऱ्हाइकं? सदाशिव पेठेतली! ‘पेटी उघडून दाखवा.’ ‘खालचा थर दाखवा.’ ‘मागच्या वर्षी एवढ्यातच दोन डझन दिले होते.’ एक आजी रोज यायच्या, वास घ्यायच्या, भाव विचारायच्या आणि ‘उतरला की सांग’ म्हणून जायच्या. शेवटी मेअखेरीस भाव उतरला तेव्हा त्यांनी एक डझन घेतले आणि जाताना मला म्हणाल्या, ‘तू मात्र भाव खाल्ला नाहीस हो.’

घरी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘तुला शिकायला पाठवलंय, रस्त्यावर विकायला नाही.’ आईनं फोन घेऊन विषय बदलला. त्यानंतरचे दोन रविवार बाबा फोनवर आलेच नाहीत.

एका तासाचे दहा रुपये

पहिल्या आठवड्यातच मी हिशेब मांडला. दोन हजार भागिले सव्वीस दिवस, भागिले साडेसात तास. तासाला दहा रुपये आणि वर थोडी चिल्लर. आता गंमत बघा. अमृततुल्यचा कटिंग म्हणजे वीस मिनिटं. एसपीडीपी म्हणजे अडीच तास. एसी कॅफेतली कॉफी म्हणजे चार तास. मल्टिप्लेक्समध्ये पिक्चर आणि मध्यंतरात पॉपकॉर्न म्हणजे जवळजवळ दोन दिवस उभं राहून आंबे विकायचे! मेअखेरीस ‘बंटी और बबली’ लागला तेव्हा मी पूर्ण विचारांती दहा तास खर्च केले. पॉपकॉर्न नाही. जाम आवडला. स्वतःच्या पैशांचा पिक्चर बोअर होतच नाही, कारण तसं कबूल करणं परवडत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गाळा रस्त्यावर. त्यामुळे लपायला जागाच नाही. दुसऱ्याच आठवड्यात ग्रुपमधला सोलापूरचा मुलगा समोर येऊन उभा राहिला. माझ्या हाताला पेंढा लागलेला, ओढणी कमरेला खोचलेली. तो हसला नाही. म्हणाला, ‘तू इथे कधीपासून? मी रात्री लग्नात वाढायला जातो, केटरिंगवाल्याकडे. रोजचे सव्वाशे आणि जेवण. कोणाला सांगू नकोस हं.’ हा तोच, जो दर वेळी ‘चला ना, झेड ब्रिजवरच बसू, वारा मस्त असतो’ म्हणायचा. आम्हाला वाटायचं रोमँटिक आहे!

मग एकेक कळत गेलं. नांदेडची मैत्रीण दोन पोरांची शिकवणी घेत होती. आणि ज्याच्या गाडीवर सगळे फिरायचे तो कोथरूडवाला पेट्रोलसाठी घरी रोज बोलणी खात होता. सात जणांपैकी चौघं तोच भागाकार मनात करत होतो आणि चौघंही ‘चला, सातानं भागा’ असं आनंदानं ओरडत होतो. कोणीतरी आधी बोललं असतं तर? पण कोण बोलणार? कंजूष दिसायची भीती प्रत्येकालाच होती.

जूनमध्ये कट्ट्यावर परत जमलो तेव्हा सोलापूरकरानंच विषय काढला. नियम बदलला. ज्यानं जे खाल्लं ते त्यानं द्यायचं, खरोखरचं टीटीएमएम. महिन्यातून एकदाच मोठी उडी, बाकी वेळ टेकडी, पर्वती, झेड ब्रिज. गणपतीत रात्रभर देखावे बघत चालायचं... त्या रात्रीपुरता काकूंचा नऊचा कायदाही शिथिल व्हायचा. आणि ‘या आठवड्यात नाही जमणार, पैसे नाहीत’ हे वाक्य मोठ्यानं म्हणायला परवानगी. कॅम्पातल्याला सुरुवातीला जड गेलं, पण तोही शिकला. माझी मावशी मात्र त्यानंतर पुण्याला फारशी आली नाही.

आणि बाबा? मेच्या शेवटी ते मला न्यायला आले. न सांगता थेट गाळ्यावर. मी एका गिऱ्हाइकाला पेटी उघडून दाखवत होते. ते रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, ‘डझन कसा?’ मी भाव सांगितला, सगळ्यांना सांगत होते तोच. त्यांनी एक आंबा उचलून देठापाशी वास घेतला, पैसे मोजून दिले, एकही रुपया कमी करायला सांगितला नाही. काकांनी चहा मागवला. दोघं पावसाबद्दल आणि उसाबद्दल बोलत बसले. कराडला पोचल्यावर शेजाऱ्यांना आंबे देताना बाबा म्हणाले, ‘आमच्या हिच्या दुकानातले आहेत.’ एवढंच. पुढच्या सीझनला त्यांनीच विचारलं, ‘काकांकडे कधीपासून आहे यंदा?’

शेजारच्या टेबलावर

आता सगळं बदललंय. पीएमटीची २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली, आमच्या विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं आणि सुट्टीतल्या नोकरीला म्हणतात इंटर्नशिप. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणली, तिच्यात महिन्याचे पाच हजार ठरले. त्याच वर्षी राज्य सरकारनं पदवीधर प्रशिक्षणार्थींना महिन्याला दहा हजार द्यायचं जाहीर केलं. या दोन्ही योजना शिक्षण संपवून बसलेल्यांसाठी आहेत. कॉलेजात शिकत असताना इंटर्नशिप करायची तर कुठे स्टायपेंड मिळतो, कुठे नुसतं सर्टिफिकेट. ‘एक्स्पोजर’ मिळतं म्हणे. एक्स्पोजरनं मेसचं कार्ड काही रिचार्ज होत नाही.

तुमच्याही ऑफिसात असेल असा एखादा इंटर्न. दर शुक्रवारी टीम लंचला कुठेतरी झकास जागी जाता, बिल येतं, कोणीतरी मोबाइल काढून म्हणतं, ‘आठानं भागते, आकडा पाठवते सगळ्यांना.’ यूपीआयमुळे भागाकार आता पैशापर्यंत अचूक होतो. टेबलाच्या टोकाला बसलेल्या त्या पोरानं फक्त सूप घेतलेलं असतं, ते मात्र ॲपला कळत नाही. आणि तिसऱ्या शुक्रवारी त्याचं डोकं दुखतं.

त्याचं डोकं दुखायला लागलं की समजा. ‘अरे, तुझं मी देते’ असं सगळ्यांसमोर म्हणू नका, त्यानं डोकं जास्त दुखतं. सरळ पद्धत बदला. ज्याचं त्यानं द्यायचं म्हणा, किंवा दोन आठवड्यांतून एकदा सगळ्यांनी डबे आणा आणि गच्चीवर बसा. इंटर्नला काय द्यायचं हे ठरवणाऱ्या मीटिंगमध्ये तुम्ही असाल तर तिथे तोंड उघडा. दिवसाचे आठ तास काम करणाऱ्याला तासाला किती पडतात हा भागाकार तिथेच, सगळ्यांसमोर करून दाखवा. आमच्या काकांकडे बोर्डरूम नव्हती, एचआर नव्हतं, पेंढ्यानं भरलेला एक गाळा होता. पण एकतीस तारखेला दोन हजार रुपये न मागता हातावर पडायचे, आणि येत्या शनिवारी ‘येतेयस ना?’ असं कोणी विचारलं की माझ्या तोंडून मावशी निघायची नाही.